निवड समितीने प्रश्न कसे विचारावेत?

सन १९७९-८० या शैक्षणिक वर्षासाठी श्रीनगर येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात जे प्रवेश देण्यात आले, त्यांसाठी लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण ठेवण्यात आले होते. प्रवेश न मिळालेल्या काही विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांची तक्रार अशी होती, की प्रत्येकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपण्यात आली. तीत विचारलेले प्रश्न आईवडील कोण, राहणे कोठे, अशा स्वरूपाचे होते. आणि लेखी परीक्षेत बरेच मागे असलेले काही उमेदवार केवळ मुलाखतीच्या गुणांवर पुढे गेले. अजय हासिया खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर १९८० मध्ये दिला. एकूण गुणांपैकी एकतृतीयांश गुण मुलाखतीस ठेवणे हे मनमानीपणाचे असून, अशा प्रवेशांत मुलाखतीचे गुण १५ टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे त्यात म्हटले होते. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करणे इष्ट ठरेल, अशीही सूचना न्यायालयाने केली.

या निर्णयाची चर्चा बहुधा टक्केवारीपुरतीच होते. वस्तुतः त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट दोन-तीन मिनिटे आणि आईवडिलांविषयीचे प्रश्न ही आहे. मुलाखतीला गुण किती ठेवावेत हे शासन किंवा न्यायालय ठरवू शकते. परंतु त्या मिनिटांत काय विचारावे हे मात्र समोर बसलेल्या तीन किंवा पाच माणसांच्याच हाती राहते. ही माणसे पुष्कळदा निवडीच्या शास्त्रातील तज्ज्ञ नसतात. ती तालुक्यातील अधिकारी असतात, मुख्याध्यापक असतात, सरपंच किंवा शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी असतात. सकाळी नित्याचे काम, दुपारी मुलाखती, आणि उमेदवाराचा अर्ज प्रथमच डोळ्यांखाली येतो तो उमेदवार खुर्चीवर बसल्यानंतर, असा अनुभव अनेकांना असेल.

गुणांचे प्रमाण

मुलाखत निरुपयोगी आहे, असे न्यायालयाने कधीही म्हटलेले नाही. राजस्थानातील कनिष्ठ न्यायिक सेवेच्या भरतीसंबंधीच्या लीलाधर खटल्यात १९८१ साली २५ टक्के गुणांची मुलाखत वैध ठरविण्यात आली. लेखी परीक्षेने बुद्धीची व ज्ञानाची कसोटी लागते, तर प्रौढ उमेदवाराचे व्यक्तिमत्त्व प्रत्यक्ष भेटीतच अजमावता येते, अशी त्यामागील भूमिका होती. हरयाणा लोकसेवा आयोगाच्या भरतीवरून उद्भवलेल्या अशोककुमार यादव खटल्यात मात्र १९८५ साली २२.२ टक्के हेही प्रमाण जास्त मानले गेले आणि सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांची मर्यादा सुचविण्यात आली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील त्या वेळचे प्रमाण तेच होते. हरयाणातील या भरतीत ६१ जागांसाठी तेराशेहून अधिक उमेदवारांना मुलाखतीस बोलाविले गेले होते. रिक्त जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवावेत, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. एकाच समितीने शेकडो उमेदवार पाहिले तर विसाव्या उमेदवाराला लावलेले माप दोनशेव्या उमेदवाराला लागत नाही, हे सांगण्यास वास्तविक न्यायालयाचीही गरज पडू नये.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब (अराजपत्रित) पदांसाठी मुलाखती बंद केल्या. नागरी सेवा परीक्षेत २०१३ पासून एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीस आहेत. तथापि मुलाखत सार्वजनिक जीवनातून गेलेली नाही. खासगी शिक्षणसंस्थांना ‘पवित्र’ प्रणालीतून शिक्षक घेताना मुलाखतीसह निवडीचा पर्याय आहे. ग्रामपंचायत आपला लिपिक, शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी नेमते. ‘आशा’ स्वयंसेविकेच्या निवडीत ग्रामसभेचा सहभाग असतो. निदान तीन स्त्रियांची नावे निश्चित करून ती ग्रामसभेपुढे ठेवावीत, असे या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. या सर्व ठिकाणी कोणी तरी कोणाला तरी प्रश्न विचारतोच. तो चांगला विचारला जावा, एवढाच येथे प्रश्न आहे.

गप्पा आणि मुलाखत

मुलाखतीत चांगला ठरलेला उमेदवार पुढे कामातही चांगला ठरतो काय, याचा शोध मानसशास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ घेत आहेत. पद्धत साधी आहे. मुलाखतीतील गुण आणि नंतरच्या कामाचे मूल्यमापन यांचा सहसंबंध काढावयाचा. तो शून्य आला तर दोहोंचा काही संबंध नाही. एक आला तर मुलाखतीने भविष्य तंतोतंत सांगितले. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली आजवरच्या अभ्यासांचा फेरआढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार ठरावीक आराखडा नसलेल्या, म्हणजे गप्पांसारख्या मुलाखतीचा सहसंबंध सुमारे ०.१९ भरतो. आराखडाबद्ध मुलाखतीचा तो सुमारे ०.४२ आहे, आणि निवडीच्या ज्या अनेक साधनांची तुलना त्यांनी केली, त्यांत हाच आकडा सर्वांत वरचा होता. सन १९९८ मधील श्मिट व हंटर यांच्या प्रसिद्ध आढाव्यात हे आकडे अनुक्रमे ०.३८ व ०.५१ असे होते. नव्या गणिताने दोन्ही खाली आले. अंतर मात्र वाढले.

आराखडाबद्ध म्हणजे काय, याबाबत काहीसा गैरसमज आढळतो. छापील कागदावरून यंत्रासारखे प्रश्न वाचून दाखविणे, असा त्याचा अर्थ नव्हे. चार गोष्टी पाळल्या गेल्या, की मुलाखत आराखडाबद्ध होते. प्रश्न पदाच्या कामातून निघालेले असावेत. सर्व उमेदवारांना मुख्य प्रश्न तेच व त्याच क्रमाने विचारले जावेत. उत्तम, मध्यम व निकृष्ट उत्तर कोणते, हे पहिला उमेदवार आत येण्यापूर्वी लिहून ठेवलेले असावे. आणि प्रत्येक सदस्याने आपापले गुण आपसांतील चर्चेपूर्वी मांडलेले असावेत. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. आदल्या दिवशीचे दोन तास लागतात.

प्रथम काम, मग प्रश्न

हे दोन तास कोणत्या कामी लावावेत? जॉन फ्लॅनॅगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या निवडीचा अभ्यास करताना एक पद्धत विकसित केली व १९५४ साली ती सविस्तर मांडली. काम पाहणाऱ्यांना ‘चांगला माणूस कसा असतो?’ असे न विचारता, ‘कोणत्या प्रसंगी एखाद्याच्या विशिष्ट वागण्याने काम सुधारले किंवा बिघडले, तो प्रसंग सांगा’ असे विचारावयाचे. निर्णायक प्रसंगांची ही पद्धत आपल्याकडे कोणत्याही कार्यालयात सहज वापरता येण्याजोगी आहे.

ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी घ्या. त्याचे काम कागदावर पंप चालविणे व टाकी भरणे एवढेच दिसते. परंतु सरपंच, ग्रामसेवक आणि आधीचा कर्मचारी यांना निर्णायक प्रसंग विचारले, तर निराळेच चित्र उभे राहते. टंचाईच्या दिवसांत शेवटच्या वस्तीला पाणी पोहोचले नाही म्हणून बायका घागरी घेऊन कार्यालयावर आल्या, तेव्हा कर्मचारी काय बोलला. वजनदार घरातील माणसाने रात्री व्हॉल्व्ह फिरवावयास सांगितला, तेव्हा त्याने काय केले. पावसाळ्यात टीसीएल पावडर संपल्याचे त्याने आधी कळविले, की साथ आल्यानंतर. या तीन प्रसंगांतून तीन प्रश्न तयार होतात. शिवाय काही गोष्टी विचारूच नयेत, करूनच घ्याव्यात. पाण्यातील क्लोरीन तपासण्याची ओ. टी. चाचणी येते काय, असे विचारल्यास कोणताही उमेदवार ‘येते’ असेच म्हणेल. त्याच्यापुढे नळाचे पाणी, नळी आणि द्रावण ठेवले, तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. शिक्षकाच्या बाबतीत प्रत्यक्ष पाठ घेण्यास सांगण्यामागचे तत्त्वही हेच. मात्र तो पाठ समितीसमोर नव्हे, तर मुलांसमोर व्हावयास हवा.

प्रश्नांचे प्रकार

प्रश्नांची वर्गवारी पुस्तकांत लांबलचक आढळते. व्यवहारात समितीला पाच-सहा प्रकार ओळखता आले तरी पुरे.

‘होय’ अथवा ‘नाही’ एवढ्याच उत्तराचा बंद प्रश्न माहितीची खातरजमा करण्यापुरता उपयोगी असतो. दुचाकी चालविता येते का? रात्रीच्या वेळी येणे शक्य आहे का? असे दोन-तीन प्रश्न प्रारंभी विचारून मोकळे व्हावे. सारी मुलाखत बंद प्रश्नांवर चालली, की बोलण्याचे काम समितीच करते आणि उमेदवार मान हलवितो.

‘गावात काम करताना सर्वांना बरोबर घेऊन जावे लागते, नाही का?’ हा सूचक प्रश्न होय. त्याचे उत्तर प्रश्नातच दडलेले असते. असे प्रश्न समितीत सर्वाधिक विचारले जातात आणि त्यांची उत्तरे सर्वाधिक समाधान देतात, कारण ती समितीचीच असतात. दोन-तीन प्रश्न एकत्र गुंफलेला जोडप्रश्नही टाळावा. उमेदवार त्यातील सोपा भाग उचलतो व अवघड भाग हवेत विरतो.

‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न खुला आहे, परंतु इतका खुला, की त्यातून उमेदवाराची तयारी तेवढी कळते. शहरातील मार्गदर्शन वर्गात जाऊन आलेला उमेदवार दीड मिनिटाचे पाठ केलेले उत्तर देतो. तसे कोणी न शिकविलेला उमेदवार आपले नाव, गाव आणि शिक्षण सांगून थांबतो. दोघांच्या कार्यक्षमतेतील फरक यातून कळत नाही. भीड चेपण्यासाठी तो विचारावा, गुण देण्यासाठी नव्हे.

खरा भर ज्यांवर द्यावा, असे दोन प्रकार आहेत. एक प्रसंगाधारित प्रश्न : असे असे घडले तर तुम्ही काय कराल? गॅरी लेथॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली या पद्धतीची मांडणी केली. दुसरा अनुभवाधारित प्रश्न : असे घडले तेव्हा तुम्ही काय केलेत? पहिल्यात मनुष्याचा विचार कळतो, दुसऱ्यात त्याचे वागणे. माणसाने पूर्वी काय केले, हा तो पुढे काय करील याचा बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा असतो, म्हणून दुसऱ्या प्रकाराकडे निवडतज्ज्ञांचा ओढा असतो. तथापि येथे एक धोका आहे. ‘आधीच्या नोकरीतील प्रसंग सांगा’ असे म्हटले, की ज्यांना आजवर नोकरीची संधीच मिळाली नाही, ते आपोआप मागे पडतात. प्रश्न नोकरीपुरता मर्यादित न ठेवता घर, शेत, बचत गट, महाविद्यालय, गावातील लग्नकार्य यांपैकी कोठलाही प्रसंग चालेल, असे स्पष्ट सांगावे. बचत गटाच्या हिशेबातील भांडण मिटविणारी स्त्री व्यवस्थापनच करीत असते. आपण जे केले त्याला ते नाव आहे, हे तिला ठाऊक नसते इतकेच.

शेवटचा प्रकार पाठपुराव्याच्या प्रश्नाचा. उत्तर आले, की बहुतेक सदस्य पुढच्या प्रश्नाकडे वळतात. वास्तविक मुलाखत येथूनच सुरू होते. ‘आम्ही सर्वांनी मिळून तो प्रश्न सोडविला’ असे उमेदवार म्हणाला, तर त्यात त्याने स्वतः काय केले? प्रथम कोणाशी बोलला? समोरचा काय म्हणाला? शेवटी काय झाले? खरा प्रसंग सांगणाऱ्याला हे तपशील आठवतात, क्वचित त्यातील स्वतःची चूकही तो सांगून जातो. रचलेल्या प्रसंगाला तपशील नसतात. आणि प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. चार-पाच सेकंदांची शांतता समितीला फार वाटते. उमेदवाराला ती आठवण्यासाठी हवी असते.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड बोलणे नव्हे

अलीकडे निवडीच्या संदर्भात भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द वारंवार कानी पडतो. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. सॅलोव्हे-मेयर यांच्या मांडणीत चार क्षमता येतात : स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करणे, त्या का निर्माण झाल्या व कोठे नेतील हे समजणे, आणि त्यांना योग्य वळण देणे. पुढे या शब्दाला व्यापारी महत्त्व आले आणि त्याच्या नावावर पुराव्यापेक्षा बरेच मोठे दावे केले गेले. स्वतःविषयीची प्रश्नावली भरून घेऊन ही बुद्धिमत्ता मोजण्याचा प्रकार तर नोकरीच्या निवडीत विशेष भरवशाचा नाही. नोकरी हवी असलेला मनुष्य ‘मला राग लवकर येतो’ या विधानापुढे ‘होय’ अशी खूण करील, ही अपेक्षाच भाबडी आहे.

तरीही या संकल्पनेमागील गरज खरी आहे. ग्रामीण भागातील सेवेची अनेक पदे अशी आहेत, की ज्यांत ज्ञानाइतकेच माणूस समजणे निर्णायक ठरते. ‘आशा’ स्वयंसेविकेचे काम हे याचे ठळक उदाहरण होय. सन २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावातीलच एका स्त्रीने घर आणि आरोग्यसेवा यांना जोडावे, अशी कल्पना होती. तिला दाराशी उभे राहून दुसऱ्याच्या घरातील गर्भारपण, आजार, मूल गमावल्याचे दुःख यांविषयी बोलावे लागते. ती चुकीची निवडली गेली, तर नुकसान फायलीत दिसत नाही. एखाद्या घरचे दार बंद होते, आणि त्या घरातील बाळ लसीविना राहते.

परंतु हा गुण समितीने ओळखावा कसा? नेमकी येथेच गफलत होते. हसतमुख चेहरा, नजरेला नजर देणे, ओघवते बोलणे यांनाच समिती भावनिक समज मानू लागते. ती वस्तुतः सफाई असते. कमी बोलणारी, खाली पाहून उत्तर देणारी उमेदवार अडल्या घरी अधिक उपयोगी पडू शकते, कारण ती ऐकते. म्हणून येथेही आधार घ्यावयाचा तो प्रसंगाचाच.

समजा, समितीने प्रत्येक उमेदवाराला एकच प्रसंग सांगितला : ‘लसीकरणाच्या दिवशी एका घरातील सासूबाई म्हणतात, मागच्या वेळी सुई दिल्यावर बाळाला दोन रात्री ताप होता, आता आम्हांला नको. सून गप्प उभी आहे. तुम्ही काय कराल?’

‘मी त्यांना लसीकरणाचे महत्त्व समजावून सांगेन,’ हे उत्तर बहुतेकजणी देतील. ते चुकीचे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. पाचपैकी एक गुण द्यावा आणि ‘म्हणजे नेमके काय म्हणाल?’ असा पाठपुरावा करावा. दुसरी उमेदवार सांगेल, की काही लसींनंतर ताप येऊ शकतो व तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, हे मी त्यांना सांगेन. येथे माहिती आहे, तीन गुण. तिसरी म्हणेल, ‘आधी विचारीन, ताप आला तेव्हा रात्री काय काय केलेत? त्या वेळी आपल्याकडे कोणी फिरकले का? दोन रात्री जागवल्या म्हटल्यावर भीती वाटणारच. मग तापाचे सांगेन, आणि या वेळी संध्याकाळी मी स्वतः येऊन बाळाला पाहीन, असे म्हणेन. सुनेशी नंतर बोलेन, सासूसमोर नाही.’ या उत्तरात भीती ओळखलेली आहे, तिचे कारण शोधलेले आहे, माहिती नंतर आलेली आहे, आणि घरातील मान सांभाळलेला आहे. पाच गुण या उत्तराचे. ते अडखळत दिले की सफाईने, याला गुण नाहीत.

शिक्षकासाठी असाच प्रसंग सहज सुचतो. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेला मुलगा हंगाम संपल्यावर वर्गात परततो. वाचनात तो मागे आहे आणि बाकीची मुले त्याला हसतात. पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल? मराठवाड्यातील शाळांना हा प्रसंग कल्पनेतला वाटणार नाही. ‘जादा तास घेईन’ हे उत्तर आणि ‘पहिल्या दिवशी त्याला सर्वांसमोर वाचावयास उभे करणार नाही’ हे उत्तर यांतील अंतर समितीतील कोणाही शिक्षकाला तत्काळ जाणवेल. यानंतर अनुभवाचा एक प्रश्न जोडावा : ‘तुम्हांला फार राग आला आणि तरी काम करावेच लागले, असा प्रसंग सांगा.’ राग आलाच नाही, असे सांगणाऱ्याला आणखी एक संधी द्यावी. राग आला, मग काय केले, आणि आज तसे केले असते काय, एवढे जो सांगू शकतो तो स्वतःकडे पाहू शकतो.

उमेदवाराला मुद्दाम अपमानित करून त्याचा तोल पाहण्याची एक रीत काही ठिकाणी आढळते. तिला दाबाची मुलाखत म्हणतात. तिच्यातून उमेदवार समितीपुढे किती सोसतो हे कळते. गावकऱ्यांपुढे कसा वागेल हे कळत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगानेही आपली व्यक्तिमत्त्व चाचणी ही उलटतपासणी नसून नैसर्गिक, परंतु हेतुपूर्ण संभाषण असते, असे आपल्या अधिसूचनेत नमूद केलेले आहे.

समितीच्या डोळ्यांवरील पडदे

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या स्वतंत्र गोष्टींचे गुण एकमेकांशी संशयास्पद इतके जुळत होते. एका गुणाचे तेज बाकीच्यांवर पडते, असा त्याचा अर्थ होता. आपल्याकडे हे तेज बहुधा भाषेचे असते. प्रमाण मराठी बोलणारा, किंवा मध्येच चार इंग्रजी शब्द पेरणारा उमेदवार हुशार वाटू लागतो, आणि मग त्याची नीतिमत्ताही चांगली वाटते. बोलीत बोलणाऱ्याच्या बाबतीत नेमके उलट घडते. ज्या गावात काम करावयाचे तेथील लोक तीच बोली बोलतात, याचा त्या क्षणी विसर पडतो.

दोन कमकुवत उमेदवारांनंतर आलेला मध्यम उमेदवार उत्तम भासतो. आपल्याच महाविद्यालयाचा, आपल्याच तालुक्याचा उमेदवार जवळचा वाटतो. अध्यक्षांनी ‘मुलगा बरा आहे’ असे म्हटले, की इतरांची पेन्सिल त्या दिशेला झुकते. गुण आधी लिहून मग बोलण्याची शिस्त मुख्यतः या शेवटच्या दोषासाठी आहे, आणि ती पाळण्यास अध्यक्षांनीच सुरुवात करावी लागते. बोलण्याची पाळी आली, की कनिष्ठ सदस्याला प्रथम बोलू द्यावे. दोन सदस्यांच्या गुणांत मोठी तफावत आली, तर सरासरी काढून मोकळे होण्याऐवजी ‘कोणत्या वाक्यावरून हे गुण दिलेत?’ एवढे एकमेकांना विचारावे. वाक्य लिहिलेले नसेल, तर बहुधा गुण चेहऱ्याला दिलेले असतात.

काही प्रश्न विचारूच नयेत. लग्न केव्हा करणार, मूल होऊ देणार का, नवऱ्याची परवानगी आहे का, आडनाव कुठले, घरी कोण राजकारणात आहे, हे प्रश्न अनेकदा आपुलकीने विचारले जातात. दुष्ट हेतू नसतो. तथापि घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवासस्थान यांच्या आधारे भेदभावास मनाई केली आहे, आणि ज्या माहितीच्या आधारे निर्णय घ्यावयाचा नाही ती विचारण्याचे प्रयोजन उरत नाही. रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी बरोबर जावे लागेल, ही कामाची अट असेल तर अट सांगावी आणि ‘हे शक्य होईल का?’ असे सर्व उमेदवारांना सारखेच विचारावे. एकीला विचारून दुसरीला न विचारणे हाही भेदभावच.

नोंदी

प्रत्येक उमेदवारासाठी एक पान असावे. मुख्य प्रश्न, उत्तरातील दोन-तीन मूळ वाक्ये, गुण, आणि सदस्याची सही. ‘आत्मविश्वास चांगला’ असा शेरा नोंद म्हणून निरुपयोगी आहे. ‘सुनेशी नंतर बोलेन, सासूसमोर नाही’ ही नोंद उपयोगी आहे. पाच मुख्य प्रश्नांना वीस मिनिटे लागतात असे धरल्यास दिवसाला बारा-पंधरांहून अधिक उमेदवार ठेवू नयेत, आणि दोन उमेदवारांमध्ये गुण लिहिण्यास पाच मिनिटे मोकळी सोडावीत. बाहेर बसलेल्यांना पिण्याचे पाणी व आपली पाळी साधारण किती वाजता येईल याची माहिती मिळाली, तर सकाळी सहाच्या एस.टी.ने निघालेला उमेदवार दुपारी चार वाजता थोडा तरी ताजा राहतो.

ही पाने निकालानंतर बांधून कपाटात ठेवावीत. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ लागू झाल्यापासून न निवडला गेलेला उमेदवार आपले गुण मागू लागला आहे. मुलाखत मंडळातील सदस्यांची नावे उघड करणे बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात डिसेंबर २०१२ मध्ये स्पष्ट केले. परंतु गुण कशावरून दिले, असा प्रश्न अपिलात किंवा ग्रामसभेत आलाच, तर उत्तर त्या पानातूनच काढावे लागते.